गुरुजींचा गंधार

व्हायोलिन शिकलेली बाई लॅपटॉप मांडून धाडधाड वाजवते, हे जालन्यात अजून पुष्कळांच्या पचनी पडलेलं नाही. मला त्याचं काही वाटत नाही. बियाण्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत मी इलेक्ट्रॉनिक संगीताचा वर्ग चालवते, कार्यक्रमांना संभाजीनगर-पुण्याला जाते, आणि कुणी नाक मुरडलं तर दोन शब्द सुनावतेही. या संगीताची मला लाज नाही. लाज आहे ती एका सुराची, आणि ती गोष्ट मी वर्गात कधी सांगितलेली नाही.

माझं माहेर भोकरदनजवळ. घरात मेंढरं, तिथं व्हायोलिन कुठून येणार? ते गुरुजींकडं होतं. गुरुजी शाळेत गणित शिकवायचे आणि सकाळी शाळेआधी ओसरीवर मांडी घालून व्हायोलिन वाजवायचे. नववीत असताना मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले, ती पुढं अकरा वर्षं जातच राहिले.

त्यातली दोन वर्षं एकट्या तोडी रागात गेली. तोडीतला गंधार पेटीवर सापडत नाही. पेटीचा कोमल गंधार जिथं असतो त्याच्या केसभर खाली तो असतो, आणि त्या केसभर अंतरासाठी माणसं आयुष्य घालवतात. गुरुजी माझं बोट धरून जागा दाखवत नसत. "मी दाखिवला तर माझाच राहील. तू हुडक," म्हणायचे. मी हुडकायचे, ते मान हलवायचे. "चढा." परत हुडकायचे. "अजून चढा." गणिताचे मास्तर, अर्ध्या मार्काची सुद्धा सूट नाही. मी कितीदा डोळे पुसत घरी गेले असेन. मग एका सकाळी ते काहीच बोलले नाहीत, आत तोंड करून बायकोला, आमच्या काकूंना, म्हणाले, "हिला चहा द्या." तेव्हा कळलं की लागला.

त्याच दिवसांत एकदा मी त्यांचा तोडी फोनवर रेकॉर्ड करून घेतला होता. वीस-बावीस मिनिटांचा, मधे काकूंच्या कुकरच्या दोन शिट्ट्या. गुरुजी मैफलीत कधी बसले नाहीत, रेडिओवर गेले नाहीत. त्यांच्या हातचं म्हणावं असं रेकॉर्डिंग जगात तेवढंच.

चार वर्षांपूर्वी मी ते एका ट्रॅकमध्ये घेतलं. खाली सिंथचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पेटीचे, सूर, वर गुरुजींच्या व्हायोलिनचा गज. कल्पना चांगली होती, आजही मला ती चांगलीच वाटते. पण सिंथचा गंधार पेटीसारखा आणि गुरुजींचा त्याच्या खाली, त्यामुळं दोन्ही एकदम वाजले की कानाला टोचायचं. सिंथ गुरुजींच्या सुराला आणता आला असता, तासाभराचं काम. पण कार्यक्रम तोंडावर आला होता आणि सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर हाताशी होतं. मी अख्खा आलाप त्यात घातला. मिनिटभरात गुरुजींचा प्रत्येक गंधार उचलून पेटीच्या जागेवर बसवला गेला. जुनी फाइल ठेवायची का, असं लॅपटॉपनं विचारलं. डिस्क भरत आली होती. मी "नाही" दाबलं. जुना फोन तर कधीच मोडीत गेला होता.

ट्रॅक गाजला, लोक नाचले. स्टेजवर गुरुजींचं नाव घेताना मी रीतीप्रमाणं कानाच्या पाळीला हात लावायचे. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही, हे आठवलं की आज अंगावर काटा येतो.

गेल्या वर्षी गुरुजींच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, पण तारा दाबायचा हात गेला. महिन्या-दोन महिन्यांनी काकूंचा फोन आला. "गुरुजी सारखं म्हणून राह्यले, पोरीकडं माझा तोडी हाय म्हणून. घेऊन ये की जल्दी. हात तर गेला, कानाला तरी मिळू दे."

फोन ठेवला आणि लॅपटॉप काढला. फाइल उघडून मी माउसनं एकेक गंधार खाली ओढून पाहिला. पण गुरुजी त्या सुरावर खालून झुलत यायचे, आणि सॉफ्टवेअरनं ते झुलणं इस्त्री फिरवल्यासारखं सपाट केलं होतं. दोन दिवसांनी नाद सोडला. मग स्वतःची समजूत घातली, की ऐंशीला टेकलेत, आजारातून उठलेत, कान आता तेवढे कुठं राहिले असतील? गुरूबद्दल मी असा विचार केला आणि तो मला सोयीचा वाटला.

भोकरदनला पोचले तेव्हा गुरुजी ओसरीवर खुर्चीत तयार बसले होते, धुतलेला सदरा घालून. मी छोटा स्पीकर स्टुलावर ठेवला आणि आलाप लावला. त्यांनी डोळे मिटले. पहिला गंधार आला आणि डोळे उघडले.

"परत लाव."

मी परत लावला. त्यांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितला.

"गज माझाच हाय," ते म्हणाले. "पण गंधार चढा लागून राह्यला."

"स्पीकर बारका हाय, गुरुजी."

"स्पीकर काय एकटा गंधारच बिघडवतो?" काकू हसल्या, गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "म्हंजी जन्मभर मी चढाच लावला. अन् मला ऐकू बी आला न्हाई."

तेव्हाच सांगायला हवं होतं. गुरुजी, हे मी केलं. चारच शब्द होते. मी स्पीकरची वायर गुंडाळत बसले.

"तू लाव बघू," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःचं व्हायोलिन आतून आणवलं. मी सुरात लावून घेतलं, मांडी घातली आणि त्यांनीच माझ्याकडून दोन वर्षं हुडकून घेतलेला गंधार लावला.

"हा! बिलकुल बराबर." त्यांच्या डोळ्यांना धार लागली. काकूंना म्हणाले, "ऐकलं का? मी हिला चुकीचा दिल्ता, तरी पोरीनं बराबर हुडकला. माझ्या पुढं गेली ही." मग मला म्हणाले, "ते लॅपटॉपमधलं पुसून टाक. माझा चुकलेला गंधार कुणाच्या कानावर जायला नको."

मी त्यांच्यासमोर फाइल पुसली. पुसताना मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायलाही नको वाटतं, पण तसंच वाटलं होतं.

सांगितलं तर काय होईल? फार तर त्यांच्या नजरेतून उतरेन. तेवढंच वाचवायला मी त्यांच्या साठ वर्षांच्या वाजवण्यावर पाणी सोडलंय. हे मला स्वच्छ कळतं, आणि तरी दर रविवारी मी भोकरदनची बस धरते आणि न सांगता परत येते.

कारण गुरुजींनी आता शिकायला घेतलंय. मी वाजवते, ते मागून गुणगुणतात. वाजवता येत नाही, निदान गळ्यात तरी बरोबर बसू दे, म्हणतात. त्यांचा गळा आपसूक खालून झुलत त्या जागेवर येतो, जिथं तो कायम येत होता. तिथं पोचले की ते थांबतात आणि माझ्या तोंडाकडं बघतात.

"बराबर हाय का गं?"

"बराबर हाय, गुरुजी," मी म्हणते, आणि ते मार्क मिळालेल्या पोरासारखे खूश होतात.