अण्णा मागे आहेत

आमच्या रविवारच्या टोळक्यात अण्णा तापकीरांच्या मागे कधी कुणी चाललं नाही. तशी सोयच नव्हती. कुणी फोटो काढायला थांबलं की अण्णाही थांबायचे. कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं की अण्णा आभाळाकडे बघत उभे. "अण्णा, तुम्ही चला, मी येतो," असं म्हणून बघा. अण्णा जागचे हलायचे नाहीत. हातातली काठी पुढच्या वाटेकडे करायचे आणि म्हणायचे, "व्हा पुढं. मी हाय मागं."

मी निगडी प्राधिकरणातली. शाळेतून निवृत्त झाले, वजन वाढलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि शेजारच्या देशपांड्यांनी मला त्यांच्या टोळक्यात ओढलं. देशपांडे आमचे म्होरके. दर रविवारी उजाडायच्या आत गाड्या काढायच्या, चाकणच्या पुढे भामचंद्राच्या डोंगराशी जायचं, वर चढायचं, उतरून पोहे खायचे आणि जेवायच्या वेळेला घरी. सगळे मला 'बाई' म्हणत. माझं चालणं म्हणजे दोन पावलं टाकायची आणि गुडघ्यांना चार शिव्या हासडायच्या. "मेल्यांनो, आत्ताच दुखायचं होतं का?" असं माझं चढताना आणि उतरताना अखंड चालू. त्यामुळे सगळ्यात मागे अण्णा आणि त्यांच्या पुढे मी, अशी आमची जोडी जमली.

अण्णा मूळचे मोशीचे. शेती होती तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्याच एकीत तिसऱ्या मजल्यावर अण्णा राहायचे. सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, प्रेस मशीनवर. माणूस गोड, पण थापाड्या एक नंबरचा. "अण्णा, किती राहिलं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ह्ये काय, आलंच." पायथ्याशी विचारा, नाहीतर निम्म्यावर. एकदा मी चिडून म्हटलं की, या वयात इतकं खोटं बोलवतं तरी कसं? तर म्हणाले, खरं सांगितलं असतं तर तुमी खालूनच माघारी गेला असता.

सगळ्यांच्या मागे का चालता, हेही मी विचारलं होतं. ते म्हणाले, "कंपनीत रिलीव्हर आल्याबिगर मशीन सोडायची न्हाई, बाई. माणूस येस्तोवर थांबायचं." रिलीव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस. तो एकदा दिवाळीत आलाच नाही, तेव्हा अण्णांनी दोन शिफ्टा सलग काढल्या होत्या आणि घरी सगळे फराळाला खोळंबले होते. हे सांगताना त्यांना कसला अभिमान! मला त्यांच्या बायकोची दया आली आणि तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर पोटभर हसले.

डोंगरावरून खाली कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसतात. अण्णा काठीने दाखवायचे, ती आमची कंपनी. पुढच्या रविवारी काठी भलत्याच छपरावर. मग आम्ही हसायचो, अण्णा, कंपनी सरकली वाटतं! तेही हसायचे. थापाड्या माणूस, आम्हाला वाटलं, चेष्टा करतायत.

मग तो थंडीतला रविवार आला. मी गुडघ्यांना नवे पट्टे चढवले होते आणि गुडघे कधी नव्हे ते शहाण्यासारखे वागत होते. त्यामुळे उतरताना मी पुढच्या बायकांच्या घोळक्यात, गप्पा ठोकत. खाली टपरीवर पोहे आले. देशपांड्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "अण्णा, सगळे आले ना?" नेहमी अण्णा 'आले' म्हणायचे. त्या दिवशी कुणीच काही म्हटलं नाही आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. चहा आला, थट्टामस्करी झाली. दुसरा चहा सांगताना मी अण्णांचा ग्लास घ्यायला म्हणून मागे पाहिलं, तर मागे कुणी नव्हतंच.

सगळे आले का, हे आम्ही कायम अण्णांना विचारायचो. अण्णा आले का, हे विचारायची पद्धतच आमच्यात नव्हती.

देशपांडे आणि आणखी दोघं धावत वर गेले. मीही निघाले, कुणाचं न ऐकता. अण्णा डोंगरातल्या गुहेखालच्या वळणावर दगडावर बसले होते. तिघं विनवण्या करत होते आणि अण्णा ढिम्म. मागे माणूस आहे, एवढंच म्हणत होते. मी धापा टाकत समोर उभी राहिले आणि म्हटलं, अण्णा, चला आता, सगळे खाली पोचले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी नीट, सभ्यपणे पाहिलं. "तुमी व्हा पुढं," म्हणाले. "आमच्या बाई यायच्यात अजून. त्यांचं गुडघं दुखत्यात."

देशपांडे तोंड फिरवून उभे राहिले. मग काय सुचलं कोण जाणे, मी अण्णांना ओलांडून वर गेले, वळणाआड. तिथे खडकाला धरून पोटभर रडून घेतलं. मग पदराने डोळे पुसले आणि गुडघ्यांना शिव्या घालत पुन्हा उतरायला लागले. अण्णा झटक्यात उठले. "आल्या का? लई येळ केला आज. चला, व्हा पुढं." आणि माझ्यामागून खालपर्यंत आले. टपरीवर पोहेही खाल्ले.

तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार, आणि तो वाढतच जाणारा. मुलाने हात जोडून सांगितलं, वडिलांना आता डोंगरावर नेऊ नका. मी देशपांड्यांशी भांडले. आपण हात धरून नेऊ, मी म्हटलं. ते म्हणाले, "बाई, दरीकडे पाय पडला तर घरच्यांना काय सांगायचं?" पुढच्या रविवारी गाड्या अण्णांशिवायच निघाल्या.

पावसाळा संपता संपता अण्णांच्या सुनेचा, सुरेखाचा फोन आला. अण्णा सकाळपासून जिन्यात बसून राहतात, जेवायला आत येत नाहीत, आमच्या बाई यायच्यात म्हणतात. तुम्ही येऊन जाता का? खरं सांगते, मला आनंद झाला. त्यांना कसं उठवायचं ते मला ठाऊक होतं! मी डोंगरावरचे बूट घातले, पट्टे चढवले, काठी घेतली आणि रिक्षा करून मोशीला गेले. लिफ्टने थेट चौथ्या मजल्यावर. तिथून जिना उतरायला लागले, मोठमोठ्याने. "मेल्यांनो, आत्ताच दुखायचं होतं का?"

अण्णा खालच्या पायऱ्यांवर बसले होते. वाळले होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि मला वाट द्यायला भिंतीकडे सरकले.

"अण्णा, मी आले. बाई आली."

"सावकाश उतरा," ते म्हणाले. "आमच्या बाईंचं बी असंच हाय."

मी पुन्हा वर गेले, पुन्हा उतरले. अण्णा पुन्हा भिंतीकडे सरकले. सुरेखा दारात ताट घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत जी आशा होती ती मला बघवेना. तिसऱ्यांदा वर जायला पायच उचलेनात. गुडघे नव्हेत, मीच. मी त्यांच्या शेजारी बसायला गेले, तर कोण कुठली बाई आपल्यापाशी बसतेय म्हणून ते अवघडले. मग मीच उठले. घरात, शाळेत, टोळक्यात कुणावरही डाफरणारी मी, आता कुणावर डाफरू?

"तुमी थांबू नगा," अण्णा म्हणाले. "व्हा पुढं. मी हाय मागं."

मी कठड्याला धरून उतरायला लागले. वळणावर थांबून मागे पाहिलं. अण्णा वरच्या पायऱ्यांकडे बघत बसले होते.