पिनबॉल सुरू झालं तेव्हा घरी कुणी नव्हतं

मंडळी, आज दुपारी माझं जुनं पिनबॉल मशीन अखेर सुरू झालं!

एका बंद पडलेल्या क्लबातून आणलं होतं. सुट्टीच्या दिवशी बसून दुरुस्त करत होतो. आत नवे एलईडी दिवे बसवले. गोळी घासून खालच्या फळीवरची चित्रं अजून उडू नयेत म्हणून इथल्या मेटगळ्ळी औद्योगिक भागातून पारदर्शक शीट कापून आणली, ती वर टाकली.

बटण दाबलं आणि सगळं लखलखलं. "अगं, झालं बघ!" मी ओरडलो. घरात कुणीच नव्हतं. बायको सांगलीला असते, लेक पुण्यात. दोघींना फोन लावले, उचलले नाहीत.

मग एकटाच खेळत बसलो. तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या जयम्मा चिडून उभ्या होत्या. "एन्री इदु सद्दु?" कसला हा आवाज?

मोडक्या कन्नडमध्ये माफी मागितली आणि म्हटलं, एकदा खेळून तर बघा. त्यांनी दांडा ओढला, गोळी उसळली, तशा "अय्यय्यो!" म्हणत हसल्या. मग आत नजर टाकून विचारलं, "मनेल यारू इल्वा?" घरी कुणी नाही का?

"इल्ला," मी म्हटलं.

त्या आणखी एक डाव खेळल्या आणि गेल्या.

काही छान जमलं की तुम्ही आधी कुणाला हाक मारता? आणि ते माणूस घरात नसेल तर?