नागनाथच्या भिंतीतला दगड

गेल्या महिन्यात याच सदरात माझ्या पुतण्याने सोनारीच्या आमच्या घराण्यातली एक हकीकत लिहिली. तेव्हा तो पाळण्यातही नव्हता. त्याच्या लेखात अमावस्येची रात्र आहे, बैलगाडी आहे आणि पहारीने दगड उपटणारा मी आहे. तिन्ही गोष्टी खोट्या. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आज ऐंशीच्या घरातही नाही; म्हणूनच जे पाहिले तेवढेच लिहितो.

रझाकारांच्या धामधुमीच्या दोन-तीन वर्षे आधीचे दिवस. वाटणीत माझा धाकटा चुलतभाऊ नागनाथ याच्या विहिरीला पाणी लागले, माझ्या विहिरीला खडक. त्याने घर नव्याने बांधायला काढले. जुने मातीच्या छपराचे माळवद उतरवून सागवानी तुळया चढवल्या, आणि मागच्या परसात तर दरबारच थाटला — पाण्याचे दगडी पाट, मधोमध हौद, जाईचा मांडव, हैदराबादेहून आणलेली संत्र्याची रोपे. सभोवती घडीव काळ्या दगडाची भिंत. मी रोज माझ्या माळवदावर बसून काम कुठवर आले ते बघत असे. होय, जळत असे. ते लपवण्याचे वय आता राहिले नाही.

आमच्याकडचे गवंडी एक रीत पाळत. भिंत पुरी झाली तरी कोपऱ्यावरचा एक दगड बसवायचा नाही. बघणाऱ्याची दृष्ट त्या मोकळ्या जागेत अडकते. मल्लाप्पा गवंड्याने तशी जागा सोडली. नागनाथला ती खटकली.

"मल्लाप्पा, माझी भित बोळकी दिसतीय. दात बसवा तिथं."

"ऱ्हाऊ द्या की मालक. बघणारे लई हायती," मल्लाप्पा माझ्या माळवदाकडे पाहत म्हणाला.

"आण्णा व्हय? बघू द्या त्यांना पोटभर. त्यांच्या घरी बघण्यासारखं हाय तरी काय?" नागनाथ मला ऐकू यावे अशा बेताने बोलला.

चौघांनी वाशाला बांधून दगड वर चढवला आणि चुन्यात बसवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी — रात्री नव्हे — गडी लिंबाखाली भाकरी खात होते. माझी नजर त्या दगडावर खिळली होती. मनात एकच घोळत होते... हा तिथे का? माझ्या दारात का नाही? पापणी लवली, आणि भिंतीला खिंडार. त्याच क्षणी खाली माझ्या उंबऱ्यापुढे धप्प आवाज झाला. उतरून पाहिले तर तोच दगड, कडांना ओला चुना. बायकोने नुकतेच अंगण सारवले होते. त्या ओल्या सारवणावर ना फरफटल्याची खूण, ना पाऊल.

गाव जमले. काळभैरवाच्या देवळात मी बेलभंडारा उचलून शपथ घ्यावी असे ठरले. पुतण्या लिहितो, मी गुन्हेगार म्हणून मागे सरलो. साफ खोटे! मी हात पुढे केला होता. "या हातांनी दगडाला शिवलो असेन, तर भैरव बघून घेईल," असे म्हणालोही होतो.

नागनाथ पुढे आला. "हाताचं मला ठावं हाय, आण्णा. तो दगड एकट्याच्यानं हलत न्हाय. मनानंबी मागितला न्हाय, एवढं म्हणा. म्या सगळ्या गावादेखत तुमच्या पाया पडतो."

त्याला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता. त्याच्या डोळ्यांत ते दिसत होते.

मी बेलभंडाऱ्यावरून हात मागे घेतला. गावाने मला चोर म्हटले, आणि नागनाथ मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

चौघांनी चढवलेला दगड त्या दुपारी माझ्या दारात कसा आला, हे मला आजही सांगता येत नाही. पुतण्याने मात्र एवढे लिहून घ्यावे — देवळातून निर्दोष सुटायला एक वाक्य पुरे होते, आणि ते मला खरेपणाने म्हणता आले नाही.