वेसलर साहेबाचा पाचवा तवा

डोमाजीले मी पस्तीस वर्षं पार्सलं पोचवली. घाटंजीच्या पोस्टात पोस्टमन होतो मी. खरं सांगतो, त्या माणसानं माझ्या सायकलचे दोन कॅरिअर मोडले. एकेक पार्सल फरशीएवढं जड, वरून लाल शाईनं लिहिलेलं, ‘सांभाळून, फुटेल’. आत काय, तर गाण्याचे जुने तवे. शहरातले लोक त्याले रेकॉर्ड म्हणतात, आमच्या इकडं तवाच. अन् गाणं तरी कोणाचं? जर्मनीतल्या वेसलर नावाच्या म्हाताऱ्याचं. तो म्हातारा स्वतः गात नाही, वाजवत नाही, शंभर वाजवणाऱ्यायच्या समोर उभा राहून नुसती काडी हलवते. मी डोमाले म्हणे, अरे बाबा, काडी हलवल्याचा आवाज येते का तव्यात? तो म्हणे, येते. चिडवून चिडवून मी थकलो, तो काही चिडला नाही.

त्याचा धंदा भोंग्याचा. बापापासून चालत आलेला. एक मशीन, दोन भोंगे, पेटीभर तवे. लग्न असो, बारसं असो, डोमाजीचा भोंगा पाहिजेच. अन् चौदा एप्रिलची जयंती तर त्याच्याशिवाय आमच्या गावात झालीच नाही. बापानं त्याले एक कायदा शिकवला होता. तवा एकदा चढवला की दोन्ही बाजू वाजवल्याशिवाय उतरवाचा नाही. एक बाजू सरली की पलटव, दुसरी लाव, मगच पुढचा काढ. तवा फुटते तो उचल-ठेवीतच फुटते, म्हणून जेवढा कमी हात लागन तेवढं बरं. लहानपणी हा कायदा मोडला म्हणून डोमानं भर मांडवात थापड खाल्ली होती. मंग जन्मभर मोडला नाही.

एकोणऐंशी साली यवतमाळात एका जुन्या जिनिंगच्या मॅनेजरचा बंगला रिकामा होऊन राह्यला होता. डोमा तिथं मशीन पाहाले गेलता. मशीनसंगं त्याले एक जाडजूड पुठ्ठ्याचं बाड भेटलं. आत कागदाचे चार कप्पे, कप्प्यावर एक ते चार आकडे, अन् दर कप्प्यात एक तवा. तव्याच्या मधातले कागद उधळीनं, म्हणजे वाळवीनं, साफ खाल्ले होते. बाडावर काडी उगारलेल्या म्हाताऱ्याचा फोटो अन् त्याचं नाव तेवढं वाचलं होतं. काय वाजवलं त्याचं नाव गेलं उधळीच्या पोटात.

त्या दिवशी दुपारी डोमानं घरी तवे लावले. नवं लग्न झालेलं, तुळसाबाई बाजूले बसून तूर पाखडून राह्यली होती. पहिल्या कप्प्यातला तवा, दोन्ही बाजू. मंग दुसरा, तिसरा, चौथा. आठव्या बाजूले ते संगीत बोलता बोलता कोणी उठून जावं तसं मधातच थांबलं. डोमा कप्पे उलटेपालटे करून पाहे, पुढचा तवाच नाही. त्याच्या मनानं घेतलं की पाचवा तवा हरवला. तुळसाबाईले म्हणे, तो मी आणतो, अन् शेवट तुले ऐकवतो. असं वचन माणूस लग्नाच्या पहिल्या साली देते अन् दुसऱ्या साली विसरते. हा नाही विसरला.

नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, जिथं जिथं जुने तवे विकणारे होते तिथं त्यानं पत्रं लिहिली. ते विचारत, कोणता जोड, म्हणजे कोणता संच? नाव सांगा. नाव कुठून सांगणार? मंग हा लिहे, वेसलर साहेबाचा जो असन तो पाठवा. म्हणून पार्सल येत गेलं अन् माझं कॅरिअर मोडत गेलं. पार्सल घेऊन गेलो की मलेही बसा लागे. आधी ते चार तवे वाजत, कप्प्याच्या नंबरानं, दोन्ही दोन्ही बाजू. मंग नवा तवा चढे. तुळसाबाई डोळे मिटून ऐके अन् मान हलवे. म्हणे, हा नाही. तिचा कान पक्का होता. अशानं एकसष्ट तवे जमा झाले वेसलर साहेबाचे. लोकायले वाटे डोमाजीले नाद लागला. नाद-बिद काही नाही, त्याले एकच तवा पाहिजे होता.

मधात जमाना बदलला. भोंगे गेले, डीजे आले, त्याची पोरगी अर्पिता यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या कंपनीत नोकरीले लागली. ती म्हणे, बाबा, मोबाइलवर सगळं भेटते. तिनं वेसलरचं नाव टाकलं तर दोनशे चीजा आल्या. डोमानं दहा-बारा ऐकल्या. यायच्यात आपला जोड नाही म्हणे, अन् मोबाइल परत देऊन टाकला. त्याच्या कानात आमचा जोड जसा बसला होता तसा जगात कुठंच वाजत नव्हता. हे आता समजते. त्या वक्ती मीच म्हटलं होतं की मोबाइलमंधी काय दम नाही.

दोन वर्षांमागं तुळसाबाई गेली. यवतमाळच्या दवाखान्यात होती, मी भेटाले गेलतो. नाकात नळी, आवाज नाही. मले इशाऱ्यानं जवळ बोलावलं. मले वाटलं पोरीचं काही सांगते. तर नुसते ओठ हलवून विचारे, पार्सल आलं का? मी खोटं बोललो, वाटंत आहे म्हटलं. त्या खोट्याचा मले आजही राग येते. त्यानंतर डोमानं मशीनवर चादर टाकली, पण पत्रं लिहिणं काही सोडलं नाही. मी म्हटलं, आता कोणाले ऐकवतो? तो म्हणे, कबूल केलं होतं ना.

अन् यंदा कापूस वेचणीच्या दिवसात नागपूरहून एक बाई आल्या. निशिगंधा नाव, कॉलेजात शिकवतात, अन् त्यायलेही याच म्हाताऱ्याचा नाद. एका व्यापाऱ्यानं पत्ता दिला म्हणे. डोमानं चादर काढली, बाड पुढं ठेवलं अन् पाचव्या तव्याची सारी रामकहाणी सांगतली. बाईनं मोबाइलचा उजेड पाडला. तव्याच्या मधातल्या चकचकीत गोलावर बारीक आकडे कोरले होते, आम्ही ते कंपनीचं काही असन म्हणून कधी पाह्यलेच नव्हते. आठही बाजू त्यायनं पाहून घेतल्या अन् हळूच म्हणाल्या, “काका, पाचवा तवा नाहीच. जोड पूर्ण आहे.”

मंग त्यायनं समजावलं. त्या काळात साहेब लोकायच्या घरी एक मशीन राहे, तिच्यात तवे थप्पीनं ठेवत अन् ते आपोआप एकावर एक पडत. चारही तव्यायच्या वरच्या बाजू आधी वाजत. मंग सारी थप्पी एकदाच पलटवाची, अन् खालच्या बाजू चौथ्यापासून उलट पहिल्यापर्यंत. पहिल्या तव्यावर एक अन् आठ, चौथ्यावर चार अन् पाच असे आकडे होते, म्हणजे शेवट होता पहिल्या तव्याच्या मागं.

डोमा भडकला. पंचेचाळीस वर्षं ऐकून राह्यलो, म्हणे, तुम्ही मले शिकवता? त्याले इतकं चिडलेलं मी जन्मात पाह्यलं नव्हतं. मीच म्हटलं, अरे, एक डाव लावून तं पाह्य. थापड खाल्ल्यापासून पहिल्यांदाच त्यानं बापाचा कायदा मोडला. पहिल्या तव्याची वरची बाजू सरली, अन् तवा न पलटवता त्यानं खाली ठेवला.

मले संगीतातलं ओ का ठो समजत नाही. पण त्या दिवशी मलेही समजलं. दर बाजू मागचीच्या हातातून धागा घेऊन पुढं चालली होती. जिथं आमचं गाणं मधात मरे, तिथून ते उठलं अन् चालाले लागलं. सरतेशेवटी पहिल्या तव्याची मागची बाजू लागली. शंभरच्या शंभर माणसं संगंच वाजवून राह्यली होती. ते मोठं मोठं होत गेलं अन् थांबलं. पूर्ण थांबलं. शंकेले जागाच नाही.

बाई डोळे पुसत अंगणात गेल्या. मी म्हटलं, डोमा, अरे रडतो कायले, भेटला ना शेवट. तो मशीनकडं पाहत राह्यला, सुई नुसतीच घरघरत होती.

“रामराव,” तो मले म्हणे, “पहिल्या दिवशी ही बाजू सरली ना, तं तुळसानं सूप खाली ठेवलं अन् टाळ्या वाजवल्या. जयंतीले भाषण सरल्यावर वाजवते तशा. मस्त झालं जी, म्हणे, सरलं. मी खेकसलो तिच्यावर. म्हटलं, तुले काय समजते, अजून तीन तवे बाकी हायेत, बस चूप.”

मी सुई उचलून ठेवली.

“त्याच्यानंतर तिनं कधीच टाळी नाही वाजवली.”