कान चांगला होता

धानाचा दाणा तो दाढेखाली धरायचा, कट्ट करून फोडायचा आणि मान तिरकी करून क्षणभर थांबायचा. मग म्हणायचा, "आणखी एक ऊन लागते." गोंदियाजवळच्या एका राईस मिलमध्ये मी मुनीम होतो आणि तो धान पारखणारा. ओलावा मोजायचं यंत्र आलं, तरी शेतकरी त्याच्याच पुढे मूठ उघडत. "मशीनले का दात हायेत, भाऊ?"

एका हंगामात त्याच्या डाव्या कानात शिट्टी वाजू लागली. "मुनीमजी, गाडी येऊन राहिली का?" तो मधेच विचारायचा. गाडी नसायची. जेवताना उठायचा, फेऱ्या मारायचा, पुन्हा बसायचा, पुन्हा उठायचा. शेवटी मीच त्याला डॉक्टरांकडे नेलं. कान चांगला होता. बिघाड जबड्याच्या सांध्यात होता, दाणे फोडून फोडून झालेला. डॉक्टरांनी कडक काही चावायला मनाई केली आणि व्यायाम शिकवले. जीभ टाळूला लावून तोंड सावकाश उघडायचं. गालाचा ताठर स्नायू बोटांनी हलके गोल चोळायचा.

उभ्या ट्रकच्या आरशात बघून तो हे करायचा. हमाल विचारत, "भाऊ, कोणाले वेडावून राहिले?"

"तुह्या सासऱ्याले!" म्हणून तो पुन्हा तोंड उघडायचा. शिट्टी उतरत चालली होती.

मग हंगाम भरात आला. शेतकरी यंत्राला मानेनात, फाटकात गाड्या अडल्या. त्याच्या तळहातावर दाणे मीच ठेवले. "आजचा दिवस, भाऊ." असे किती आजचे दिवस झाले! त्यानं कधी नाही म्हटलं नाही. शिट्टी परतली. कोणी बोलावलं, तर त्याचं लक्षच नसे.

मिलच्या मालकांनी, सेठजींनी मला विचारलं, "ये आजकल सुनता क्यों नहीं?"

खरं सांगायचं, तर दाणे कोणी फोडायला लावले तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "बहरा हो गया, सेठजी."

आठवड्याच्या आत त्याला काढलं.

काही वर्षांनी मी नवेगाव बांध या गावी त्याच्या लेकीकडे गेलो. सगळं बोलायचं ठरवून गेलो होतो. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "मुनीमजी, दात कायले आवळून राहिले?" त्यानं माझ्या कानांपुढे बोटं टेकवली आणि चोळू लागला. "जीभ टाळूले लावा. हां. आता उघडा."

माझं तोंड उघडेना. त्याला वाटलं, दुखतंय. "राहू द्या. पुढच्या खेपेले उघडन."

पुढची खेप मी लांबवली. गेलो तेव्हा तो नव्हता. लेकीनं चहा दिला. म्हणाली, "लोक अखेरपर्यंत बाबासंग कोकलूनच बोलत. मले राग ये. बाबा म्हणत, कोकलू दे ना बाई. मुनीमजीनं सांगतलं, त मी बहिराच असन."