बेपत्ता रबरी नाव आणि माझी सही

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली. गाजलेले गुन्हे कमीच आठवतात, पण एका रबरी नावेच्या चोरीची रपट, म्हणजे तक्रारीची नोंद, अजून पाठ सोडत नाही. दर पावसाळ्यात बेतवेचे पाणी चढल्याची बातमी ऐकली की ते स्टेशन, ते घड्याळ आणि माझी ती सही डोळ्यांपुढे येते. हे लिहावे की नाही, असा पुष्कळ दिवस विचार करत होतो. यात माझे काही चांगले दिसत नाही.

तेव्हा मी नवा उपनिरीक्षक होतो, तिकडच्या बोलीत दरोगा. झाशीच्या बाहेर, बेतवेच्या काठाकडच्या एका ठाण्यात माझी नेमणूक होती. माझे वडील रेल्वे वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे अवजड कामाचे मजूर. आम्ही प्रेमनगरला राहायचो, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. वडिलांना डब्यांवरचे आकडे वाचता येत, पण पगारावर ते अंगठा उठवत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे छापलेल्या, सही-शिक्क्याच्या कागदाबद्दल मला फार आदर होता. गरजेपेक्षा जास्त, असे आता वाटते.

पुराचा तिसरा दिवस होता. सडक तुटली होती. उंच भरावावरचे एक छोटे रेल्वे स्टेशन तेवढे कोरडे उरले होते. बबीन्याच्या छावणीतून फौजेची एक तुकडी मालगाडीने नावा घेऊन तिथेच उतरली होती. तहसीलचे नायब तहसीलदार स्टेशन मास्तरांच्या खोलीत बसत. फौज प्लॅटफॉर्मवर होती आणि मधे मी. माझे काम सोपे होते. तहसीलकडून पाण्यात अडकलेल्या गावांची यादी घ्यायची आणि ती फौजेच्या कप्तानांना द्यायची. संध्याकाळी कोणते गाव रिकामे झाले त्याच्या खुणा करून यादी परत आणायची आणि रेल्वेच्या कंट्रोल फोनवरून झाशीला कळवायचे. बाकी सगळे फोन बंद पडले होते. फौज सिव्हिलच्या, म्हणजे मुलकी अधिकाऱ्यांच्या, लेखी मागणीशिवाय कुठेही जात नसे आणि तहसील यादीबाहेर काही मागत नसे. दोघेही आपापल्या नियमाप्रमाणे चोख वागत होते.

काम सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला यादीतल्या प्रत्येक नावापुढे खूण झाली. मी खाली लिहिले, ‘सर्व गावे रिकामी’, वेळ घातली, वळणदार सही केली आणि झाशीला कळवले. खलाशाच्या मुलाची सही मोठ्या साहेबांपर्यंत जाणार, याचा मला आनंद झाला होता. खोटे कशाला सांगू?

सकाळी कप्तान माझ्यासमोर उभे राहिले. उंच, मितभाषी माणूस.

“दरोगाजी, माझी एक रबरी नाव गायब आहे. बारा वाजता आमची गाडी सुटते. नाव मिळाल्याशिवाय मी सामान भरू शकत नाही.”

नायब तहसीलदार आतूनच म्हणाले, “फौजवालों की नाव फौजवाले जानें. हमने तो बस काग़ज़ दिया था.”

“काग़ज़ ही दिया था आपने,” कप्तान म्हणाले. “नाव तो हम लाए थे.”

माझे हेड कॉन्स्टेबल, ज्यांना आमच्याकडे दीवानजी म्हणतात, रोजनामचा उघडून बसले आणि चोरीची नोंद सुरू झाली. मला घाई झाली होती, आणि त्याला चोरीखेरीज आणखी एक कारण होते. पहाटेच कंट्रोल फोनवर निरोप आला होता. काठची गावे रिकामी झाल्याचा अहवाल मिळाला आहे, तेव्हा वरच्या धरणाचे आणखी दरवाजे उघडणार. दुपारी दोननंतर आपल्याकडे पाणी चढेल. तो अहवाल माझाच होता. त्याआधी फौज, नावा, सगळे सुखरूप मागे जायला हवे होते.

नावेची खबर दिली ती रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनने. कंदील पुसता पुसता तो हळूच म्हणाला, “साहब, एक बात कहें? बरसात में गैंग की कोठरी पर ताला! नौकरी में पहली बार देखा.”

मी रेल्वे वसाहतीत वाढलेला. नाव कुठे असेल, ते मला लगेच कळले. रूळ तपासणाऱ्या टोळीच्या खोलीत कंदील, झेंड्या आणि गाडी थांबवायचे फटाके असतात. पुराच्या दिवसांत ते कधी लागतील याचा नेम नाही, म्हणून ती खोली उघडीच ठेवतात. त्या खोलीची किल्ली टोळीच्या मुकादमाकडे असते. रेल्वेत त्याला मेट म्हणतात. रेल्वेचे कुलूप तिच्या लेखी परवानगीशिवाय मला तोडता येत नव्हते.

मेटला वेटिंग रूममध्ये आणून बसवले. साठीला टेकलेला माणूस, पायांना चिखल, डोळे जागून लाल. दीवानजींनी बुंदेलीत सुरुवात केली.

“काय दद्दा, बोलत काय नइयां? नाव खा गए का?”

दीवानजींनी टेबलावर दंडा आपटला, नोकरी जाण्याची भीती घातली, पण उपयोग झाला नाही. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. चौकशीत बसवलेला माणूस बहुधा दाराकडे पाहतो, नाहीतर मारणाऱ्या हाताकडे. हा माणूस सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. दहा वाजून गेले होते. मध्येच तो अगदी हळू पुटपुटला, “अजून दोन तास.”

तो मराठीत बोलला होता.

मी दीवानजींना बाहेर चहाला पाठवले आणि समोर बसलो. “काका, बाराची वाट का पाहताय?”

ते दचकले. “तुम्ही आपल्यातले?”

“बाबा वर्कशॉपात खलाशी आहेत. प्रेमनगरला असतो आम्ही.”

“खलाशाचं पोर,” ते म्हणाले. “मग एक खरं सांग. नाव सापडली तर फौज जाईल?”

मला खोटे बोलता आले असते. चौकशीत बोलतातही. पण जमले नाही.

“जाईल.”

“मग नाही सांगत.”

“काका, नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे. परवापासून रेल्वे पुलावर गस्त घालतोय मी. मोठं गाव रिकामं झालं, ते खरं. पण नाल्यापलीकडे टेकाडावर दगडफोड्यांचा मजरा आहे, गावापासून सुटी वाडी. तिथून काल धूर निघताना दिसला. आज पहाटे बांबूला बांधलेलं लाल लुगडं दिसलं. माणसं आहेत तिथं. तीसेक तरी.”

“मग सांगितलं का नाही कुणाला?”

ते हसले, पण त्या हसण्यात राग होता. “कुणाकुणाला सांगू? तहसीलच्या बाबूनं यादी दाखवली. म्हणाला, मजरा गावातच धरलेला असतो, गावापुढे खूण आहे, म्हणजे झालं. फौजेचा पहारेकरी म्हणाला, सिव्हिलकडून लिहून आणा. तुझा शिपाई म्हणाला, आमच्या साहेबांनी सही केलीय, आता काय बाकी राहिलं?”

मी यादी उघडली. मजऱ्याचे नाव त्यात नव्हते, कारण तहसीलच्या कागदावर त्याला वेगळी ओळच नसते. फौजेने मूळ गाव डोळ्यांनी पाहिले आणि रिकामे केले. मजरा कुणी पाहिलाच नव्हता. कुणी खोटे बोलले नव्हते. तरीही खाली मी लिहिलेले वाक्य खोटे होते.

“पण नाव का लपवली?”

“बबीन्याला तीस वर्षं फौजेच्या गाड्या भरताना पाहिल्यात. एक बादली कमी भरली तरी गाडी उभी करतात. म्हटलं, हे लोक माणसांसाठी थांबत नाहीत, सामानासाठी तर थांबतील!”

तेवढ्या भीतीतही मला त्यांचे कौतुक वाटले. पण कौतुकाला वेळ नव्हता. दोन वाजता येणारे पाणी मी मागवल्यासारखेच होते.

मी नायब तहसीलदारांकडे धावलो आणि मजऱ्यासाठी लेखी मागणी द्या म्हणालो. ते वाईट माणूस नव्हते. तीन दिवस झोपले नव्हते. पण त्यांचा चेहरा उतरला.

“कल सब ख़ाली बताया, आज कहें कि नहीं है? ऊपर क्या मुँह दिखाएँगे? एक मेट की बात पर? पहले किसी को भेजकर पक्का करवा लो, भैया.”

पक्के करायला नाव लागणार होती, आणि नाव मिळायला मागणी. मी प्लॅटफॉर्मवर आलो. जवान सामान बांधत होते. कप्तानांना मी अडखळत सगळे सांगितले, माझी चूकही. त्यांनी नकाशा पसरला. त्यावर टेकाड होते, वस्ती नव्हती.

“मागणी द्या, पाच मिनिटांत निघतो.”

“तहसीलदार साहेब देत नाहीत.”

ते म्हणाले, “दरोगाजी, पुलिस सिविल में आती है या नहीं?”

“आती है.”

“तो लिखिए.”

असा अधिकार मला होता की नाही, हे मला आजही नक्की माहीत नाही. मी लिहिले. या वेळी सही वळणदार आली नाही. मग कंट्रोल फोन उचलला आणि झाशीला म्हणालो, “कल शाम की मेरी रिपोर्ट ग़लत है. लोग बाक़ी हैं. पानी रुकवाइए.” पलीकडून कुणीतरी ओरडले, तुम्हाला याचा अर्थ कळतो का? कळतो, म्हणालो. दरवाजे उघडायचा हुकूम सुटला आहे, विचारून पाहतो, एवढेच उत्तर मिळाले.

नकाशा गुंडाळताना कप्तान म्हणाले, “नाल्यात खडक आहेत. मोठ्या नावा फुटतील. तिथे रबरी नावच चालेल.”

मी वेटिंग रूममध्ये परतलो. मेटपुढे काही बोलायची गरज पडली नाही. त्यांनी माझ्या हातातली मागणीची दुसरी प्रत पाहिली. त्यांना वाचता येत होते की नाही, मी विचारले नाही. कंबरेची किल्ली काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. नाव हवा काढून, घडी करून, ताडपत्रीखाली ठेवलेली होती. जवानांनी ती फुगवली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

मेट नावेत बसले नाहीत. गस्त सोडता येत नाही, म्हणाले. दोन झेंड्या घेऊन ते पुलावर चढले. वरून त्यांना पाण्यातला भोवरा आणि खडक दिसत. हिरवी झेंडी म्हणजे पुढे, लाल म्हणजे थांबा. नाव आठ वेळा गेली आणि आठ वेळा आली. बाराची गाडी तोवर उभीच होती. मी भरावाच्या कडेला उभा राहून माणसे उतरवून घेत होतो आणि मनगटावरचे घड्याळ पाहत होतो. झाशीचे उत्तर आले नाही. पाणी मात्र वेळेवर आले. शेवटच्या फेरीत एक म्हातारी बकरी सोडायला तयार नव्हती. जवानाने दोघींना एकदम उचलले. अर्ध्या तासाने टेकाडावरच्या झोपड्या दिसेनाशा झाल्या.

संध्याकाळी दीवानजींनी विचारले, “साहब, नाव-चोरी की रपट का क्या करें?” कप्तानांनी स्वतःच लिहून दिले, नाव सामानातच होती, मोजणीत चूक झाली. मग मेटला म्हणाले, “बाबा, अगली बार नाव नहीं, मुझे छुपा लेना.” मेट पहिल्यांदा मोकळे हसले.

इथे हे संपले असते तर मी ते कधीच सगळ्यांना सांगितले असते.

उतरवलेल्या माणसांत एक बाई होती, कडेवर मूल. ती कुणाशी बोलत नव्हती. शेवटी ती माझ्यापाशी आली. तिचा नवरा आदल्या दिवशी मदत आणायला पोहत निघाला होता. तो पोचला का, एवढेच तिला विचारायचे होते. तो पोचला नव्हता. पुढेही कधी सापडला नाही.

मी बेपत्ता झाल्याची नोंद लिहायला घेतली. वेळेच्या रकान्यापाशी थांबून विचारले, किती वाजता निघाला? तिच्याकडे घड्याळ कुठले? ती म्हणाली, “दिया-बाती की बेरा हती, साब. कोऊ आओ नइयां, सो वे कूद परे.”

कुणी आले नाही, म्हणून त्याने उडी टाकली होती. दिवेलागणीची वेळ. यादीखाली मी लिहिलेली तीच.

नंतरच्या नोकरीत माझ्यापुढे हजारो कागद आले. प्रत्येक वेळी मी एकच विचारायचो, हे डोळ्यांनी कुणी पाहिलंय? हाताखालच्या लोकांना त्याचा कंटाळा यायचा, पाठीमागे नक्कलही करायचे. मी कारण कुणाला सांगितले नाही.

त्या दिवशी नोंद पुरी झाल्यावर बाईने अंगठा उठवला, माझे वडील उठवत तसाच, नीट दाबून. त्याच्या खाली मला सही करायची होती. दीवानजींनी दोनदा हाक मारली, तरी पेन खाली टेकत नव्हते.