दर गुरुवारी येणारी हंगेरीची पोरगी

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला हंगेरीहून आलेली एक पोरगी दर गुरुवारी दुर्गाघाटावरच्या आमच्या घरी बाबांकडे संस्कृत शिकायला यायची आणि जेवूनच जायची. मांडी नीट घालता येत नसे, म्हणून खांबाला टेकून बसे. कुठलाही नवा शब्द कानावर पडला की बोट वर करून विचारी, "धातू कोणता?" अगदी वरण वाढतानासुद्धा. आई वैतागायची. "आधी खाऊन घे गं, भात थंडा होतोय."

एकदा बाबांनीच तिला विचारलं, "तुमच्याकडचा एखादा धातू सांगा बरं."

ती म्हणाली, "हियांझिक." म्हणजे नसणं, उणीव भासणं. मुळाशी रिकाम्या जागेचा अर्थ. "तुम्हाला आईची आठवण येते. आमच्यात आईच तिकडे दूर बसून मला हियांझिक करते."

"घरात नाही तिलाच काम लावलं की!" आई हसली.

त्याच महिन्यात दादा नोकरीसाठी पुण्याला गेला. पुढच्या गुरुवारी आईने सवयीने त्याचाही पाट मांडला. मी तो उचलायला वाकले, तर त्या पोरीने माझा हात धरला. "राहू दे," म्हणाली. त्या दिवशी जेवण संपेपर्यंत तिने एकही धातू विचारला नाही.

मग तीही मायदेशी गेली. एका गुरुवारी आई वरणाची पळी हातात धरून खांबाकडे बघत उभी राहिली.

"काय झालं गं?"

"काही नाही. ती पोरगी आज फार हियांझिक करतेय."